बालहिताचे मक्तेदार

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता संमत केली. चौपन्न कलमांच्या या संहितेला आज १९६ सदस्यांची मान्यता आहे. मानवी हक्कांविषयीच्या दुसऱ्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराच्या वाट्याला एवढी व्यापक मान्यता आलेली नाही. भारतानेही ११ डिसेंबर १९९२ रोजी ती स्वीकारली. या संहितेच्या तिसऱ्या कलमात 'बालकाचे सर्वोत्तम हित' असा शब्दप्रयोग आहे. बालकासंबंधीच्या प्रत्येक निर्णयात या हिताचा विचार अग्रक्रमाने व्हावा, असे ते कलम सांगते. कोणता सहृदय मनुष्य यास हरकत घेईल? परंतु हे हित कशात आहे, हे कोणी ठरवायचे? आईबापांनी, समाजाने, की कागदांच्या ढिगाआड बसलेल्या एखाद्या परक्या अधिकाऱ्याने? युरोपात गेलेल्या काही भारतीय कुटुंबांना या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले, ते पुण्या-ठाण्यातील ज्या ज्या घरातील मुलगा-सून आज परदेशी आहेत, त्या प्रत्येक घराने नीट समजून घेतले पाहिजे.

स्टॅव्हँगर हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तेलउद्योगाचे नगर. मे २०११ मध्ये तेथे राहणाऱ्या एका भारतीय दांपत्याची दोन्ही मुले तेथील बालसंरक्षण खात्याने ताब्यात घेतली. मुलगा अडीच वर्षांचा होता, मुलगी तर केवळ काही महिन्यांची, अंगावर पिणारी. आई मुलाला हाताने भरवते, मुले आईवडिलांच्या शेजारी झोपतात, यावर अधिकाऱ्यांनी बोट ठेवले, असे त्या दांपत्याचे म्हणणे होते. मुलांना परक्या कुटुंबांत ठेवून जन्मदात्यांना वर्षातून मोजक्या वेळा, तीही थोडक्या अवधीची भेट द्यायची आणि ही व्यवस्था मुले अठरा वर्षांची होईपर्यंत चालू ठेवायची, असा त्या खात्याचा विचार होता. सांस्कृतिक भेदाशी या निर्णयाचा संबंध नाही, असे खात्याने सांगितले. मग संबंध कशाशी होता? ते मात्र गोपनीयतेच्या नियमामुळे सांगता येत नव्हते! आरोप सांगायचा नाही आणि आरोपीने मात्र निर्दोषत्व सिद्ध करावयाचे, ही न्यायाची कोणती तऱ्हा?

त्या घरात सारे आलबेल होते, असा आमचा दावा नाही. परक्या देशात, सासर-माहेरच्या कोणत्याही आधारावाचून दोन लहान मुले वाढविणाऱ्या तरुण आईची जी ओढाताण होते, ती झालीच असेल. आपल्याकडे अशा वेळी आजी येऊन राहते, नणंद चार दिवस मुलाला घेऊन जाते, शेजारच्या काकू 'तू जरा पड, मी बघते' म्हणतात. तिकडे दार वाजवून येते ते खाते. आजी आणि खाते यांच्यातील हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती बालहिताचा निवाडा आहे, ही खरी अडचण होय.

या प्रकरणी भारतात पक्षभेद विसरून आवाज उठला, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. कम्युनिस्ट नेत्या वृंदा करात यांनी त्या आईची बाजू लावून धरली. विचाराने त्या आमच्यापासून कोसो दूर, पण येथे त्यांच्या श्रेयात कसर करण्याचे कारण नाही. परराष्ट्र मंत्रालयाने पाठपुरावा केला आणि एप्रिल २०१२ मध्ये मुले काकांच्या हवाली होऊन भारतात आली. पुढचा अध्याय तर अधिकच बोलका आहे. मुलांचा ताबा आपल्याला मिळावा म्हणून आईने बर्दवानच्या बालकल्याण समितीकडे दाद मागितली. समितीने तिची पारख केली आणि ती मुलांचा सांभाळ करण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला. जानेवारी २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने मुले आईच्या स्वाधीन केली. ज्या स्त्रीला नॉर्वेतील तज्ज्ञांनी अपात्र ठरविले, तिलाच बंगालमधील एका जिल्ह्याच्या समितीने पात्र ठरविले. आणि वाचकहो, ही समिती ज्या बालन्याय कायद्यान्वये स्थापन झाली, तो २००० सालचा कायदा आपण याच बालहक्क संहितेला अनुसरून केलेला आहे! संहिता तीच, शब्द तेच, पण ते वाचणारे डोळे वेगळे.

नॉर्वेची ही कार्यपद्धती केवळ परकीयांच्या वाट्याला आली, असेही नाही. तेथील एका मातेचे मूल जन्मानंतर लगेचच सरकारी देखभालीखाली गेले आणि पुढे पालक-कुटुंबाला दत्तक देण्यात आले. ती माता स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत लढली. १० सप्टेंबर २०१९ रोजी त्या न्यायालयाच्या महापीठाने नॉर्वेने कौटुंबिक जीवनाच्या अधिकाराचा भंग केल्याचा निकाल दिला. त्यानंतर अशा अनेक प्रकरणांत त्या देशाविरुद्ध निर्णय झाले. म्हणजे स्टॅव्हँगरच्या आईचा आक्रोश हा कोणा भावनाविवश भारतीय स्त्रीचा कांगावा नव्हता. तो रोग त्या व्यवस्थेच्या हाडीमासी होता, हे युरोपनेच युरोपला सांगितले.

नॉर्वेच्या प्रकरणाला दहा वर्षे होतात न होतात तोच बर्लिनचे प्रकरण घडले. सप्टेंबर २०२१ मध्ये सात महिन्यांच्या एका भारतीय बालिकेला झालेल्या दुखापतीमुळे आईवडील तिला रुग्णालयात घेऊन गेले. तेथून तिला तेथील बालकल्याण कार्यालयाने ताब्यात घेतले. लैंगिक अत्याचाराच्या संशयावरून चौकशी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती आरोपाविना बंद करण्यात आली. तरीही मुलगी घरी आली नाही. जून २०२३ मध्ये बर्लिनच्या पांकोव्ह न्यायालयाने दुखापतीचा समाधानकारक खुलासा पालक करू शकले नाहीत, असे म्हणत तिचा ताबा त्या कार्यालयाकडेच दिला.

दुखापत झाली असेल तर चौकशी व्हावी, कठोर व्हावी. यात दुमत नाही. लेकराच्या अंगावरील जखमेकडे पाहून 'घरचा मामला' म्हणणारा समाज आम्हाला नको आहे. परंतु आईवडिलांविषयी शंका आहे म्हणून मुलीचे आजोळ, तिचा देश, तिची भाषा हे सारेच संशयित ठरते काय? भारतात तिचे नातेवाईक आहेत, बालकल्याण समित्या आहेत, न्यायालये आहेत. तेथे तिला ठेवून खटला खुशाल चालवावा, एवढीच मागणी होती. तेवढीही मान्य झाली नाही.

येथे संहितेचेच विसावे कलम काढून पाहावे. कुटुंबापासून दूर ठेवलेल्या बालकाची पर्यायी व्यवस्था करताना त्याच्या संगोपनातील सातत्याकडे आणि त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीकडे यथोचित लक्ष द्यावे, असे ते कलम स्वच्छ शब्दांत सांगते. आठवे कलम बालकाची ओळख, म्हणजे त्याचे राष्ट्रीयत्व, नाव आणि कौटुंबिक नाती जपण्याचा हक्क देते. हे आठवे कलम संहितेत आले त्यामागे अर्जेंटिनातील आज्यांचा टाहो आहे. लष्करी राजवटीत ज्यांच्या मुला-सुनांना नाहीसे करण्यात आले आणि ज्यांची नातवंडे पळवून दुसऱ्यांच्या घरी वाढविण्यात आली, त्या आज्या राजधानीच्या चौकात वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. त्यांच्या दुःखातून जे कलम जन्मले, ते बर्लिनच्या कार्यालयात कोणी वाचलेच नसेल काय? जर्मनीने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. नॉर्वेने तर २००३ मध्ये तिला आपल्या मानवाधिकार कायद्यातच स्थान दिले. तेव्हा आमची तक्रार संहितेविरुद्ध असण्याचे कारणच नाही. संहिता जगाला शिकविणाऱ्यांनी ती स्वतः वाचावी, एवढेच आमचे मागणे आहे.

'बालकाच्या भल्यासाठी' हे शब्द पाश्चात्त्य सत्तांच्या तोंडी नवे नाहीत. कॅनडात मूळनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडण्यात आली. त्यांची भाषा बोलण्यास बंदी, केस कापायचे, नाव बदलायचे, आणि हे सारे कशासाठी, तर त्यांना 'सुसंस्कृत' करण्यासाठी! यांतल्या बहुतांश शाळा चर्चच्या संस्था चालवीत होत्या आणि शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. ऑस्ट्रेलियाने हाच प्रयोग तेथील आदिवासींच्या मुलांवर केला. त्या मुलांना आज 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. ब्रिटनने तर आपल्याच गरिबांची, अनाथाश्रमांतील लाखाहून अधिक मुले जहाजांत भरून वसाहतींत पाठविली. आईबाप जिवंत असताना कित्येकांना 'तू पोरका आहेस' असे सांगण्यात आले. २००८ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी, त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी आणि २०१० च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या पंतप्रधानांनी आपापल्या संसदेत क्षमा मागितली. क्षमा मागण्याचे धैर्य दाखविले, त्याचा आदर आहे. पण त्या काळीही प्रत्येक मूल उचलताना फाईलवर कोणा अधिकाऱ्याने 'बालकाच्या हितार्थ' असाच शेरा मारला असेल, याचा विसर पडता कामा नये.

या चळवळीच्या मुळाशी खरी करुणा होती, हेही तितकेच खरे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने नाकेबंदी चालू ठेवली आणि ऑस्ट्रिया-जर्मनीतील मुले उपाशी मरू लागली. तेव्हा एग्लंटाईन जेब या इंग्रज विदुषीने त्या कुपोषित मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात वाटली. तिच्याच सरकारने तिला पकडले, दंड केला. तिने १९१९ मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभारली आणि तिनेच लिहिलेला पाच कलमी जाहीरनामा १९२४ मध्ये जिनेव्हात राष्ट्रसंघाने स्वीकारला. शत्रूच्या लेकरांसाठी स्वतःच्या सरकारशी भांडणारी ही बाई आम्हाला वंदनीय वाटते. तिचे वारसदार म्हणविणारे आज कोणाशी भांडतात, ते पाहू.

अमेरिकेने बालहक्क संहितेवर १९९५ मध्ये स्वाक्षरी केली, पण तिला मान्यता आजतागायत दिलेली नाही. यादवीने विदीर्ण झालेल्या सोमालियाने २०१५ मध्ये ती दिली. जगातील सर्वांत बलाढ्य लोकशाही मात्र संहितेबाहेर उभी आहे. गुन्हा करतेवेळी अठरा वर्षांखालील असलेल्यास देहदंड देऊ नये, असे संहितेचे सदतिसावे कलम म्हणते. अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये बंदी घालीपर्यंत असे देहदंड होत राहिले. तोच देश आपल्या खात्यांमार्फत दरवर्षी जगातील बालमजुरीचे अहवाल प्रसिद्ध करतो आणि त्यात भारताचे गुणांकन करतो!

खुद्द संयुक्त राष्ट्रांची कथा याहून निराळी नाही. सशस्त्र संघर्षात बालकांवर अत्याचार करणाऱ्यांची काळी यादी सरचिटणीस दरवर्षी प्रसिद्ध करतात. जून २०१६ मध्ये येमेनमधील बालहत्यांसाठी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीचे नाव त्या यादीत आले आणि काही दिवसांतच गाळले गेले. का? संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमांचा निधी बंद झाला असता तर इतर लक्षावधी बालकांचे हाल झाले असते, असे सरचिटणीस बान की मून यांनी स्वतःच पत्रकारांसमोर सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करावे की त्या संस्थेच्या अवस्थेची कीव करावी? याच अहवालात जम्मू-काश्मीरच्या निमित्ताने भारताचा उल्लेख अनेक वर्षे होत राहिला. तो वगळला गेला २०२३ मध्ये. आपल्या हाती निधीची थैली नव्हती. आपण केलेल्या उपाययोजना दाखवीत आणि नियमांवर बोट ठेवीत राहिलो. म्हणून एवढी वर्षे लागली.

आणि सदिच्छेला व्यापाराची जोड मिळाली की काय होते, याचा दाखला शेजारच्या बांगलादेशात मिळतो. बालमजुरांनी बनविलेला माल अमेरिकेत येऊ देऊ नये, असे विधेयक १९९० च्या दशकाच्या आरंभी सिनेटर टॉम हार्किन यांनी मांडले. विधेयक संमत झालेच नाही. केवळ त्याच्या धास्तीने ढाक्यातील तयार कपड्यांच्या कारखानदारांनी सुमारे पन्नास हजार मुलांना एका फटक्यात बाहेर काढले. ती मुले शाळेत गेली का? युनिसेफच्याच १९९७ च्या अहवालाने सांगितले की, त्यांतील अनेक जण खडी फोडण्याच्या, रस्त्यावर फिरून पोट भरण्याच्या, आणि मुली तर देहविक्रयाच्या, अधिक भयंकर मार्गाला लागल्या. पुढे १९९५ मध्ये शाळांची सोय करणारा करार झाला, पण तो सुचला मुले रस्त्यावर आल्यानंतर. मुलाला कारखान्यातून काढण्यापूर्वी त्याची शाळा उभी करावी लागते आणि त्याच्या आईच्या चुलीचा विचार करावा लागतो, हे शहाणपण वॉशिंग्टनमध्ये नव्हते.

हे शहाणपण आपल्या भूमीत होते आणि ते जिनेव्हाच्या कितीतरी आधीचे आहे. महात्मा फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम उभा राहिला. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तोच आदर्श डोळ्यांपुढे ठेवून नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. इंग्लंडात १८८० पासूनच शिक्षण सक्तीचे होते. तरीही इंग्रज सरकारने १९१२ मध्ये ते विधेयक बहुमताच्या जोरावर फेटाळून लावले. शिक्षणाच्या ज्या हक्कावरून आज आम्हाला प्रवचने दिली जातात, तो हक्क आमच्या लेकरांना द्यायला आमचा माणूस उभा राहिला, तेव्हा त्याला नाही म्हणणारे कोण होते? संविधानातील २१-अ या कलमाने हा हक्क २००२ मध्ये आला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. यातील पस्तीस-छत्तीस वर्षांचा हिशेब इंग्रजांकडे मागता येईल, उरलेल्या वर्षांचा आपल्याकडेच मागावा लागेल.

तो हिशेब टाळून चालणार नाही. बीड-नगरकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर आजही मुले बसलेली असतात. साखरशाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली, काही ठिकाणी आपल्या कार्यकर्त्यांनीही त्यांत जीव ओतला. परंतु थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी फडावर जाते आणि तिची शाळा सुटते ती सुटतेच. नॉर्वेच्या आईसाठी ज्यांचे रक्त सळसळले त्यांनी या मुलीसमोर मान खाली घालू नये, अशी परिस्थिती आपण निर्माण केली पाहिजे. कुटुंबसंस्थेचा अभिमान सांगणाऱ्यांच्या गावात एकही मूल कुटुंबाच्या नाइलाजापायी शाळेबाहेर राहिले, तर परकीय अहवालवाल्यांना आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार? आणि घरात मुलाला बडवणे म्हणजे 'संस्कार' अशी समजूत कोणाची असेल, तर त्यानेही स्टॅव्हँगरचे उदाहरण आपल्या समर्थनार्थ देऊ नये.

आता करावयाचे काय? निषेधाची पत्रके पुष्कळ झाली. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत करारातील सदतिसाव्या कलमान्वये परकीय नागरिक असलेल्या अज्ञान बालकाला पालक नेमण्याची वेळ आली, तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासास विनाविलंब कळविणे बंधनकारक आहे. पण केवळ कळविण्याने भागत नाही. दूतावासाचा अधिकारी सुनावणीस बसू शकेल, मूल प्रथम रक्ताच्या नातेवाइकांकडे आणि ते शक्य नसेल तर त्याची भाषा बोलणाऱ्या भारतीय कुटुंबाकडे ठेवले जाईल, आणि ठरावीक मुदतीत भारतातील बालकल्याण समितीकडे प्रकरण सोपविता येईल, अशी स्पष्ट कलमे द्विपक्षीय करारांत आली पाहिजेत. बोलणी करण्यास आपल्या हाती आज काही नाही, असे कोणी समजू नये. जर्मनीला आपले अभियंते आणि परिचारिका हव्या आहेत, म्हणून त्या देशाने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याशी स्थलांतर व गतिशीलतेचा करार केला. नॉर्वेसह चार देशांशी व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला. आमची माणसे हवीत, आमची बाजारपेठ हवी, मग आमच्या माणसांच्या लेकरांविषयी दोन कलमे लिहायला शाई का आटावी?

जून २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी बर्लिनच्या बालिकेसाठी जर्मनीच्या राजदूतांना एकमुखाने पत्र लिहिले होते. त्यांपैकी जे आजही सभागृहात आहेत त्यांनी पुढील अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात परराष्ट्रमंत्र्यांना लेखी प्रश्न विचारावा: अशा कलमांसाठी कोणत्या देशांशी बोलणी चालू आहेत, ती कोठवर आली आहेत आणि भारतीय नागरिकत्व असलेली किती मुले आज परकीय सरकारांच्या ताब्यात आहेत? आणि ज्या कार्यकर्त्याच्या मतदारसंघात असा खासदार असेल, त्याने या लेखाचे कात्रण घेऊन त्यांच्या कार्यालयात जावे.